मधली जाडी

रामबागेत जानेवारी. खिडकीतली खोबरेलाची बाटली
खाली पांढरी, वर पाण्यासारखी,
मध्ये एक धुरकट पट्टी, बोटभरही नाही.
मी तीच बघत बसते. केस सुटेच.

तेलाला दोनच घरं परवडतात:
उणे एक, अधिक एक.
अधेमधे रेंगाळणं महाग.
म्हणून समीकरण पट्टीला आवळत नेतं,
एप्सिलॉन शून्याकडे निघतो,
आणि जाडी संपते तिथे उरतो नुसता पडदा,
काठ धरून, होता होईल तेवढा आखडलेला.

वर्गात मी तारेची दोन कडी
साबणाच्या पाण्यात बुडवून वर काढते.
मध्ये कंबर बारीक झालेली फिल्म.
"मॅडम, डमरू!" मागून पिंपुटकर.
डमरूच. कुठल्याही बिंदूवर
एकीकडे जितका बाक, आडवा तितकाच उलटा,
बेरीज शून्य.
कडी जरा दूर नेली
की फट्ट.
हे मी फळ्यावर लिहीत नाही, करून दाखवते.

आमच्याकडे उंबऱ्याच्या आत मराठी, फाटकाबाहेर हिंदी.
पट्टी नेमकी कुठे, कधी मोजलं नव्हतं.
काल जिन्यावरून लेक फोनवर म्हणाली,
"आई, मी येऊन राहिली आहे, बस दोन मिनट."
बाबा असते तर तिथल्या तिथे सुधारलं असतं.
मी विचारलं, पोहे टाकू का?

ऊन अजून बाटलीपर्यंत आलेलं नाही.
आज तेल न लावताच
वेणी घालते.