पाणमांजराचे दात

ओटरनाउच्या नगरकचेरीच्या दारावर
एक दगडी ढाल आहे : निळ्यावर चंदेरी जनावर,
तोंडात मासा.
परगावचे म्हणतात, कुत्रा छान आहे.
पाणमांजर आहे ते, आम्ही सांगतो,
आणि मग ते आमच्याकडे बघतात
कुत्रा ओळखता न येणाऱ्यांकडे बघावं तसे.

चूक जुनी आहे. पहिली मोहर कोरणारा
डोंगराकडचा; पाणमांजर त्याने पाहिलंच नव्हतं.
कुणीतरी सांगितलं : चार पाय, मिशा, ओलं.
ओलं कसं कोरायचं पितळेत?
त्याने बहुधा आपली कुत्रीच समोर बसवली.
मासा मात्र अचूक. खवले मोजून घ्या.
मासा त्याने खाल्लेला होता.

मठाला मासळीचा दहावा हिस्सा द्यायचा नाही
म्हणून तीन पिढ्या भांडून मिळवलेली ही मोहर.
तिचा अर्थ एवढाच : मासा आमच्या तोंडात आहे,
ओढून बघा.
शाळेत शिकवतात, समृद्धी आणि सावधपणा.

छत्तीस साली जिल्ह्यातून पत्र आलं :
जनावर फार गरीब दिसतं, दात दाखवावेत.
माझ्या आजोबांनी, लुडोल्फ ब्रुंकहोर्स्टनी,
शिडी लावून अकरा दात रंगवले.
नोव्हेंबरच्या पावसात ते ओघळले,
माशावरून, ढालीच्या टोकावरून,
पायरीपर्यंत पांढरं पांढरं.

गावात ही गोष्ट अजून मोठ्या आवाजात सांगतात.
आजोबांच्या नावाची गल्लीही आहे, बेकरीमागे,
कचऱ्याची गाडी वळत नाही इतकी अरुंद.

आजी शेवटच्या आजारात मला म्हणाली,
कसलं आलंय धाडस!
तेलरंग संपला होता आणि उधारी मिळेना.
चुन्यात सरस कालवून दिलं ठोकून.
पाऊस पडला तशी त्याची झोप उडाली.
दार वाजलं की पाठ भिंतीला.
तिसऱ्या दिवशी त्याने शिडी फोडून
चुलीत घातली.

मोडकीच होती शिडी, ती घाईने म्हणाली,
आणि उशी नीट करायला लावली मला,
जी नीटच होती.

आता ती ढाल मी रंगवते.
नदीत पाणमांजर नाही;
चामड्याचा कारखाना बंद होऊनही नाही.
जबड्याशी आले की ब्रश बदलते, बारीक घेते,
तोंडाची रेघ मिटलेली ठेवते, माशाभोवती.
संध्याकाळी कचेरीला बिल देते :
निळा, दोन डबे. चंदेरी, एक.
शिडीचं भाडं.
पांढरा, काही नाही.