गवसणी

राखेच्या बुधवारी पाद्रीनं कपाळावर बोट टेकवलं,
म्हणाला, माती आहेस.
मी मान हलवली.
मग घरी येऊन आरशात पाहिलं,
राख मधोमध लागलीय ना.

मांस सोडलं. दर करेज्माला सोडते.
साखरही सोडली,
ती डॉक्टरनं दिवाळीतच सोडवली होती.
शुक्रवारी शेजारच्या बेर्नादेतच्या घरातून
चोरिस भाजल्याचा वास आला
तेव्हा खिडकी लावली नाही मी.
उघडी ठेवली. खात्री व्हावी म्हणून.

आसोळण्यात बलकांवातलं एक मशीन आणि एक पडदा
म्हणजे माझं दुकान.
अर्ध्या गावाची लग्नं मी शिवली,
आणि इगर्जेतल्या संतांना
दुःखाच्या दिवसांत झाकायच्या
जांभळ्या गवसण्याही.

लुर्दिना माझ्याकडे शिकायला यायची,
केप्याच्या डोंगराकडची, सोळा वर्षांची.
काजं अशी करायची
की उलटी बाजू सुलट वाटावी.
तिचं काज पाहून मला काय वाटायचं
ते मी कोणत्याच कुमसारात सांगितलं नाही.

आईचं चांदीचं अंगुस्तान हरवलं
त्या दिवशी मी ओरडले नाही.
ओरडले असते तर बरं झालं असतं.
मी तिची पिशवी उपडी केली, गिऱ्हाइकांदेखत.
कंगवा पडला, अर्धा उंडो, बसचं तिकीट.
म्हटलं, मग लपवलंस कुठे?
ती एकेक वस्तू उचलून पिशवीत भरत राहिली.
तिकीटसुद्धा. फाटकं, वापरलेलं.

चार वर्षांमागे सायबिणीची गवसणी इस्त्री करताना
काठात काहीतरी टणक लागलं.
इस्त्री चढली आणि उतरली.
मी काठ उसवला नाही.
न उसवलेल्या काठात गुंडी असू शकते,
खडा असू शकतो.
मला माहीत नव्हतं,
आणि माहीत नसलेलं पाप
जाळीपलीकडे कुजबुजावं लागत नाही.
त्या वर्षी विगार म्हणाला,
एर्मेलिंदबाय, सायबिणीचा पडदा काय सरळ पडतो!
म्हटलं, कापड चांगलं आहे.

यंदा रात्री वीज गेली.
मळ्यावरून पिकल्या काजूचा आंबूस वास,
अंग घामानं चिकट.
मांडीवर ते जांभळं ओझं, हातात ब्लेड.
माझेच टाके. बारीक, एकसारखे, हट्टी.
दुसऱ्याचं शिवण मी चुटकीसरशी उसवते.
याला मेणबत्ती अर्धी जळेपर्यंत वेळ लागला.

काळं पडलं होतं.
बोटात घालून पाहिलं.
वाटलं होतं, आता बसणार नाही.
अगदी बसलं.

सकाळी केप्याची बस.
विचारत विचारत घर सापडलं.
ओट्यावर तिचं मशीन, माझ्यापेक्षा नवं,
वरच्या खिळ्याला कुणाचातरी अर्धा झगा.
काय बोलायचं ते मी बसमध्ये पाठ केलं होतं.
तिनं ते पूर्ण होऊ दिलं नाही,
पाण्याचा पेला पुढे ठेवला.
अंगुस्तान उचललं, उजेडात फिरवलं,
माझ्या मुठीत परत दिलं.
म्हणाली, मी हे घालत नाही, बाय.
आणि बोटाचं टोक दाखवलं:
सुईनं टोचून टोचून टणक झालेलं,
काळ्या ठिपक्यांचं.
माफ केलं म्हणाली नाही.
नाही केलं, असंही नाही.
मशीनचं चाक फिरवायला लागली.
थोडा वेळ बसून मी उठले.

पाचव्या रविवारी संत झाकले.
पंख्याखाली सायबिणीचा काठ
एका कोपऱ्यात उडत राहिला,
खालून पायाची लाकडी बोटं दिसली.
मिस्सानंतर विगार म्हणाला,
बाय, यंदा काहीतरी हलकं झालंय,
एखादं वजन शिवून टाका ना आत.

म्हटलं, पाद्री, राहू दे.