सातव्या नंबरची मुलगी

डॉक्टर तेत्ते फळ्यावर एक टिंब काढतात,
म्हणतात, हा ठेवीदार.
दुसरं टिंब, हा कर्जदार.
मधे एक चौकोन. "ही बँक.
आता सांगा, चौकोन पुसला तर काय बिघडतं?"

लेगॉनच्या या वर्गात एम. फिल.चे आम्ही अकराजण.
हरमॅटनची धूळ खिडकी बंद असूनही वह्यांवर.
कोणी म्हणतं, माहिती मिळवण्याचा खर्च वाचतो.
कोणी म्हणतं, मुदतींची अदलाबदल:
माणसाला पैसा उद्याच लागू शकतो,
कारखान्याला दहा वर्षं तरी हवा असतो.
मी गप्प.
माझ्यासमोर त्या चौकोनाला पाय फुटलेत,
खाकी शर्ट, कानामागे बॉलपेन,
आणि तो आशायमनच्या बाजारात
सकाळी नऊला, मिरच्यांच्या कोपऱ्यावरून वळतोय.

मिस्टर अग्बेको. सुसूवाले.
रोज दोन सेडी द्यायचे, निळ्या कार्डावर एक चौकट भरायची.
एकतीस भरल्या की तीस दिवसांचे परत,
एक दिवस त्यांचा.
व्याज? ते उलट आपणच द्यायचं.
आई म्हणायची, "पायपीट त्यांची.
शिवाय माझा पैसा माझ्यापासूनच लपवून ठेवतात,
त्याचं काही द्यायला नको?"
(हे वाक्य मी प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात घातलं होतं.
सरांनी समासात लिहिलं: संदर्भ?)

एका मंगळवारी ते आले नाहीत.
बुधवारीही नाहीत.
गुरुवारी कोणीतरी म्हणालं, पळाला.
ताप होता नुसता. मलेरिया.
पण अफवा कुणाच्या कपाळाला हात लावून बघत नाही.

आईनं गारीचं टोपलं उघडंच टाकलं,
माझं मनगट धरलं आणि धावली.
त्यांच्या दारात ती सातवी.
मागे कोर्कोरमावशी, आठवी,
तिच्या शेजारी माकू, माझ्याच बाकावरची,
धावताना एक चप्पल कुठेतरी राहिलेली.

त्यांची बायको पत्र्याची पेटी घेऊन उंबऱ्यात बसली.
आतून खोकला ऐकू येत होता.
एकेक कार्ड, एकेक बेरीज.
आईच्या एकोणतीस चौकटी, त्यातली एक वजा,
छप्पन्न सेडी.
आईनं मोजलेसुद्धा नाहीत,
कमरेच्या कापडाला गाठ मारली
आणि मागे न बघता चालू लागली.
मी बघितलं.
पेटीच्या तळाशी बोटं फिरल्याचा आवाज,
नोटांचा नाही,
पत्र्याचा.

त्या सत्राची माझी फी भरली गेली.

आता याला नाव आहे, गणित आहे.
'आधी येईल त्याला आधी' ही अट
एका ओळीत लिहून होते.
समतोल दोन निघतात:
सगळे घरी थांबले तर सगळ्यांचं भलं,
सगळे धावले तर पुढच्यांचं.
मी हे किती वेळा सोडवलंय, खोडरबर झिजेस्तोवर,
दोन्ही उत्तरं बरोबरच येतात.
सातवी आणि आठवीच्या मधली ती वीतभर जागा
कुठल्याच चलात बसत नाही.
जमा कुठे लिहायचं ते कळतं मला.
नावे कुणाच्या, ते कळत नाही.

विद्यापीठाच्या फाटकाबाहेर, पिवळ्या छत्रीखाली
माकू बसते. दोन फोन, एक वही,
मोबाइल मनीचा धंदा.
विद्यावेतन आलं की मी तिच्याकडूनच आईला पैसे पाठवते.
ती कमिशन कापते, सगळ्यांचं कापते तेवढंच.
एकदा मी सुटे राहू दे म्हटलं,
तिनं पेसवे मोजून तळहातावर ठेवले.

काल विचारलं तिनं, "आत काय शिकतेस गं एवढं?"
म्हटलं, "बँका का असतात ते."
तिनं माझी नोट उजेडाला धरली,
उलटसुलट केली.
"मग? का असतात?"

माझ्या मागे चौघे होते.
कोणीतरी खाकरलं.
मी बाजूला झाले.
तिनं पुढच्याला नंबर विचारला.