पेचकस

उद्यमनगरात आमच्या लेथच्या मागं
पत्र्याच्या खोलीला जुन्या गाद्या ठोकून
तिला मी स्टुडिओ म्हणतो.
रेकॉर्डिंग फक्त सोमवारी, गल्लीला सुट्टी असते तेव्हा.
बाकीचे सहा दिवस बिडाचा वास
आणि कदमांच्या पॉलिशचं चाक.

टेबलावर तीन माइक.
एक स्टेजचा, जाळीला पोचा पडलेला,
पंधरा वर्षं भजनी मंडळांचा श्वास प्यालेला.
याला फक्त समोरचं ऐकू येतं.
तोंड चिकटवा, तुमची छाती फुगवून दाखवेल,
वीतभर मागं सरा, ओळखही देणार नाही.

दुसरा रिबनचा, भंगारातून उचललेला.
आत कागदाहून पातळ पट्टी, फुंकरीनं फाटेल.
पुढचं ऐकतो, मागचं ऐकतो, बाजूचं नाही,
आणि वरच्या सुरातलं चुकलंमाकलं
पोटात घालतो.

तिसरा कंडेन्सर, पुण्याहून
चार दिवसांच्या बोलीवर आणलेला.
लाकडी पेटी, मखमल, सोबत एक आलेख:
वीसपासून वीस हजारापर्यंत सरळ रेघ.
याला सगळंच कळतं.
गाण्याआधी गिळलेला आवंढा,
बसताना वाजलेला गुडघा,
दोन गल्ल्या पलीकडं डंकावर
कुणाची तरी चटणी चाललीय, तेही.
इतकं नीट ऐकणाऱ्यासमोर
माणूस गात नाही, साक्ष देतो.

इंदुताई हुक्केरी गायला आल्या होत्या,
मिरजेहून गुलाबभाई दिलरुबा घेऊन.
स्टेजच्या माइकवर बाईंचा आवाज जाडजूड आला
आणि दिलरुब्याच्या तरफा मेल्या.
रिबन नुसता गुणगुणला.
कंडेन्सरवर सगळं आलं,
वरच्या गंधारातली ती जुनी चीरसुद्धा.
बाईंनी हेडफोन उतरवला,
वायरीची गुंडाळी करत राहिल्या.
"मला वाटलं होतं, ती घरच्यांनाच ऐकू येते."

साडेबाराला बाबा चहा घेऊन आले.
चाळीस वर्षं लेथवर; कानांचा वरचा मजला
कधीच रिकामा झालाय.
पण मशिनचं बेअरिंग गेलंय का, हे आजही
गल्ली त्यांनाच विचारते.
पेचकसाचं टोक मशिनला, मूठ कानामागच्या हाडाला,
आणि मग डोळे मिटून निकाल.

मी ओरडून सांगितलं, माइक कुठं लावू कळत नाही.
कुठला, असं विचारलं होतं मी. त्यांनी 'कुठं' ऐकलं.

गुलाबभाईंना विचारून दिलरुब्यावर तळवा ठेवला.
"वाजवा."
तळवा सरकत गेला.
"हितं नुस्ती घरघर हाय. हितं बोलतंय."
घोडीच्या खाली बोटभर.

मग बाईंकडं वळले आणि थांबले.
हात कुठं ठेवणार?
पितळी ग्लास खाली ठेवून
बाईंनीच त्यांच्या खिशातला पेचकस काढला,
उलटा धरला, मूठ स्वतःच्या गळ्याखालच्या हाडावर,
आणि ग्रीस लागलेलं टोक त्यांच्याकडं केलं.
बाबा वाकले.
बाईंनी षड्ज लावला.
खोलीत मी होतो, गुलाबभाई होते,
आणि आम्ही दोघंही
कुठंतरी दुसरीकडं बघत होतो.

"तोंडातनं न्हाई," बाबा म्हणाले, "हितनं निघतोय."

मी कंडेन्सर तोंडासमोरून काढला,
हातभर लांब, छातीच्या उंचीवर, जरा वर तोंड करून.
दुसऱ्या टेकला चीर आलीच,
पण या वेळी ती खालून, घरातून आल्यासारखी आली.
डंकही आला.
"राहू दे," बाई म्हणाल्या,
"भाजलेल्या मिरचीचा वास तेवढा येत नाही."

गुरुवारी माइक पुण्याला परत गेला.
किंमत विचारून ठेवलीय, विचारायला काय जातंय.
बाबांनी रेकॉर्डिंग स्पीकरवर तळवा ठेवून ऐकलं, एकदाच.
तेव्हापासून पेचकस खिशात टाकण्याआधी
मूठ पुसतात. टोक नाही,
मूठ.