रेडिओ बंद कर

ग्युमरीच्या कडेला, भूकंपानंतर कुणीतरी दान दिलेल्या
लोखंडी डब्यात हृप्सिमेचं गॅरेज.
दाराला कांबळं टांगलेलं, आत डिझेलची शेगडी,
भिंतीवर खिळ्यांना रबरी बूट, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत,
एकाच घरातल्या भावंडांचे असावेत तसे.
मी सोळा वर्षांचा. पाने हातात द्यायचे
आणि तोंड मिटून ठेवायचं, एवढंच काम.

वरुझान आला तेव्हा उणे अठरा होतं.
त्याची निवा पांढरी, ठेंगणी, चारही चाकांनी ओढणारी,
मागे मधमाश्यांच्या रिकाम्या पेट्या.
"काही नाही," म्हणाला, "तेल बदल नुसतं."
ती त्याच्याकडे बघेना.
तिची नजर चाकाच्या आतल्या बाजूला,
जिथे काळ्या वंगणाचे शिंतोडे
गोल उडून वाळले होते.

"रेडिओ बंद कर.
स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळव
आणि अंगणात फिर. हळू."

बर्फावर गाडी फिरली.
कट्. कट्. कट्-कट्.
अंधारात कुणी अक्रोड फोडत बसावं तसं,
उजव्या चाकातून.

"कधीपासून?"
"झालं थोडं... बटाटे काढले तेव्हापासून."
"आणि रेडिओ कधीपासून मोठा?"
वरुझान बुटानं बर्फ उकरत राहिला.

जॅकवर चढवलेल्या गाडीखाली ती मला म्हणाली,
सेरोब, इथे बोट लाव.
इंजिनाचं फिरणं हा दांडा चाकापर्यंत नेतो.
पण चाक काही एका जागी राहत नाही,
खड्ड्यात उतरतं, दगडावर चढतं, वळतं.
म्हणून हा सांधा. सहा गोळ्या, सहा खाचा.
वाकतो, पण वाकताना वेग सोडत नाही.
मागतो काय? वंगण. आणि वर एक धड कातडं.
बघ, केवढी फट आहे? नखाएवढी.
चाक फिरलं की वंगण बाहेर,
थांबलं की रस्ता आत.

तिनं गोळ्या फडक्यावर मांडल्या.
चार बऱ्या. एक खरबरीत. एक
उकडलेल्या वाटाण्यासारखी, साल निघालेली.
खाचेतून नख फिरवलं तर अडकलं.

"बूट फाटला तेव्हाच आला असतास
तर बूट, मूठभर वंगण, दोन पट्टे आणि चहा.
आता अख्खा सांधा."
"पण चालत तर होती ना गाडी."
"चालतेच. दुखणं अंगावर काढायचं म्हटलं
की सगळंच चालतं."
असं म्हणून ती उठली,
आणि तिचा डावा गुडघा म्हणाला: कट्.

तिघांनीही ऐकलं.
मी हसलो. मला पान्याचा मार बसला, हलकाच.

नवा सांधा तिनं बोटांनीच भरला,
लहान पोराला भरवावं तसा, खाचाखाचांतून,
बुटाच्या ओठाखाली पेचकस सरकवून
आतली कोंडलेली हवा सोडली,
मग पट्टा आवळला. चाकाच्या नटला पाइप लावून
आम्ही दोघे लोंबकळलो.

चहा पिताना वरुझान कपाकडे बघून बोलला,
मार्गारीत गेलीय क्रास्नोदारला, मुलाकडे.
डोंगरावरून उतरायला दीड तास लागतो.
गाडीत कुणीतरी बोलत असलं म्हणजे बरं.
हृप्सिमेनं त्याच्या कपात अजून साखर घातली.
दुसरं काही नाही.

तो निघाला. मागे घेतली, मग पहिला गिअर टाकला.
ठक्.
हा आवाज निराळा. जड, पोटाखालून,
मधल्या लांब दांड्याच्या क्रॉसमधला.
ब्रेक लागला. काच खाली आली.
आत रेडिओ नव्हता, फक्त त्याची वाफ.

"हे काय होतं?" तो ओरडला.

हृप्सिमे आधीच आत वळली होती,
लंगडत, खिळ्यावरची ग्रीसची पिचकारी काढायला.