काठाला चार बोटं

सकाळी सहाला पट्टी वाचायची, हे माझं काम.
विहारच्या बांधावरून पायऱ्या उतरायच्या,
शेवाळ चुकवत वाकायचं,
पाणी कुठल्या रेषेला टेकलंय ते पाहून
रजिस्टरात लिहायचं. बावीस वर्षं.
मग पहिला फोन ऑफिसला,
दुसरा बस्त्यांव किणीला.

दुसरा कुठल्याच नियमात बसत नव्हता.

"किती?" एवढंच विचारायचा.
"चार बोटं कमी."
मग पलीकडे शांतता. तो मोजत असायचा:
रात्री डोंगरावर पडलेला, पण अजून न उतरलेला पाऊस,
सांडव्यापासून मरोळच्या पुलापर्यंतची वळणं,
तबेल्यांचं शेण कुठे येऊन मिसळतं,
माहीमला भरती किती वाजता,
म्हणजे मिठी कधी पुढे जाईल
आणि कधी जागच्या जागी फुगून बसेल.
"शुक्रवारी उलटेल," म्हणायचा. "रविवारी दुपारी ये."

तलावात गळ टाकायला बंदी.
ती पाटी मीच उभं राहून रंगवून घेतली होती.
पण सांडव्यावरून जो रोहू घसरला
तो तलावाचा राहिला नाही, हा बस्त्यांवचा कायदा.
"खाली आला तो आमच्या गावठाणाचा.
हवं तर त्याला विचार."

पहिल्या लोंढ्यात गळ टाकतो तो अडाणी, म्हणायचा.
तेव्हा नदी पोटातलं ओकत असते:
चपला, गादीचा कापूस, गणपतीचं थर्माकोल.
मासा कुठेतरी दगडाआड दम धरून असतो,
त्याला भूक सुचत नाही.
दुसऱ्या दिवशी पाणी गुळाच्या चहासारखं,
तिसऱ्या दिवशी, वर पाऊस थांबलाच तर,
कोऱ्या चहासारखं.
तेव्हा काठाच्या बुडालेल्या गवतात
तो गांडुळं हुडकत येतो.
अर्धा दिवस. मग पुन्हा डोंगरावर ओततं आणि संपतं.
वर्षाकाठी असे तीन-चार अर्धे दिवस.
बाकी नुसतं पीठ मळणं.

एकदा मी रजा टाकून गेलो, छत्री धरायला.
पावणेचार किलोचा लागला.
खवल्यांना तांब्याच्या हंड्याची झाक.
बस्त्यांवने ओठातून गळ सोडवला,
मासा माझ्या तोंडासमोर धरला.
"बघ. हा तुझ्या पायऱ्यांखालीच वाढला.
तू बावीस वर्षं नुसतं पाणी लिहिलंस."

आता पट्टीशेजारच्या खांबावर एक डबी बसवली आहे.
दर पंधरा मिनिटांनी ती पातळी कळवते,
कुणाला, मला ठाऊक नाही.
मी मुलुंडला, तिसऱ्या मजल्यावर, पेन्शनीत.
फोन मात्र येतो. सहा वाजून दहा.
"किती?"
पेपरात आकडा येतो तो कालचा.
मी गॅलरीत रात्रभर ठेवलेल्या बादलीत बोट बुडवतो,
डोंगराचा अंदाज बांधतो,
आणि साहेबी आवाजात सांगतो.

गेल्या ऑगस्टात म्हणालो, "दोन बोटं कमी."
पलीकडे नेहमीची शांतता नव्हती.
पलीकडे पाणी होतं.
पुलाच्या कमानीला आपटणारं, दगड ढकलणारं,
मध्यरात्रीच सुटलेलं पाणी,
आणि त्याच्या वरच्या पट्टीत बस्त्यांव,
जवळजवळ ओरडत:
"बरं! दोन बोटं! परवा दुपारी ये मग!"

मी फोन ठेवला. बादलीतलं पाणी कुंड्यांना घातलं.
परवा दुपार बरोबरच होती.
माझ्या आकड्यावरून नव्हे, त्याच्या पाण्यावरून.

छत्रीची एक काडी निखळली होती,
ती तेवढी दोऱ्याने बांधून घेतली.