दुसरा फेरा

घाटात मी श्वास मोजत नाही, वळणं मोजते.
कोंढवा मागं पडतो, मग बोपदेवचा माथा,
तिथं डांबर सोडायचं.
वनखात्याच्या मोडक्या फाटकाखालून
आधी सायकल सरकवायची,
मग आपण.
इथून अकरा किलोमीटर, आणि परत इथंच.

ही वाट श्रीरंग तापकीरची.
कुदळीनं काढलेली नव्हे, चाकांनी.
नऊ हिवाळे तो एकाच रेघेवरून गेला
आणि गवतानं शेवटी हट्ट सोडला.
आम्ही एकाच शॉपमध्ये. तो ग्राइंडरवर,
मी त्याच्या शाफ्टना मायक्रोमीटर लावणारी.
किती नापास केले त्याचे,
तरी वाट दाखवायला मलाच आणलं.
"इथं काढ बघू चूक," म्हणाला.

मे महिन्यात त्याच्या कानातलं काहीतरी हललं.
डॉक्टरांनी लांबलचक नाव सांगितलं.
आता उभं राहायचं तर भिंत लागते,
दोन चाकं म्हणजे...
ते वाक्य तो पुरं करत नाही.

पहिलं रान गिरीपुष्पाचं,
सरकारी ओळीत लावलेलं, ओळ विसरलेलं.
उजेड पट्ट्यापट्ट्यानं येतो,
मूळ कुठलं आणि सावली कुठली
हे माझ्याआधी चाकाला कळतं.
ओढ्यात सीटवरून उठायचं, गुडघे सैल,
ब्रेकला एकच बोट.
कोपऱ्यावरचं मेडशिंग इतकं पुढं आलंय
की माझ्या डाव्या खांद्याची साल त्याला
आणि त्याची मला लागलेली.

मग झाडं संपतात. हळूहळू नाही,
कुणी दार लावायचं विसरल्यासारखी.
माळ.
कार्तिकातलं गवत कमरेइतकं,
रंग नव्या काथ्याचा.
मोज्यांत कुसळं.
टिटवीचा असा आरडाओरडा
जणू मी तिचं काही नेलंय.
चंडोल उभ्याचा उभा वर जातो
आणि दिसेनासा होऊन बोलत राहतो.
इथं वाट बारीक झालीये. एका पावसाळ्यात
दोन काठांचं गवत एकमेकांशी बोलायला लागलंय.
अजून एक पावसाळा,
मग इथं वाट होती हे सांगूनही पटणार नाही कुणाला.

म्हणून मी दोन फेरे मारते.
एक माझ्या वाटचा, एक त्याच्या.

दुसऱ्या फेऱ्यात, माळावरच्या मऊ मातीत
टायरची ताजी नक्षी.
पुढं कुणीतरी आहे!
वीस वर्षांत मारलं नसेल असं पेडल मारलं.
कोण असेल? रोज येतो का?
त्याला कुणी सांगितली ही वाट?
लावू का फोन श्रीरंगला, आत्ताच?
तेवढ्यात नक्षीत चीर दिसली, तिरपी.
पुढं पुन्हा तीच चीर.
मध्ये सव्वादोन मीटर.
एकतीस वर्षं मोजमापात गेलीत, टेप लागत नाही.
उतरले. मागचं चाक हातानं फिरवलं.
चीर माझीच,
गेल्या रविवारी खडीनं दिलेली.

हसले मोठ्यानं.
माळ एकटीचं हसू ठेवून घेत नाही,
लगेच वाऱ्यावर सोडतो.

पाणी प्यायला खाली बसले तेव्हा दिसलं,
माझ्या पहिल्या फेऱ्याच्या खुणेवर
एक पाऊल उमटलेलं. चार बोटं, बारीक नखं,
मांजरापेक्षा जरासं मोठं.
खोकड.
मग पुढचं पाऊल. मग त्याच्या पुढचं.
दोन्ही अंगांना सगळा माळ मोकळा होता त्याला,
तरी वाटेवरूनच गेलंय,
खडकाच्या वळणापर्यंत,
पाऊण तासापूर्वी, किंवा आत्ताच.

फाटकाशी येऊन फोन लावला.
"किती लागली?"
"एक तास बावन्न. पण ऐक..."
"चूक सापडली ना?"
भिंत धरत गॅलरीत आला असावा,
मागं कोंढव्याचे हॉर्न ऐकू येत होते.
"पास," म्हटलं. "तुझी वाट पास."
तो काहीच बोलेना, तेव्हा
पावलाची लांबी सांगितली त्याला,
मिलिमीटरमध्ये.